‘एकदाच पैसे’ सांगून विकलेल्या सॉफ्टवेअरच्या अपग्रेडचे पैसे आता मागायचे कसे?

प्रश्न थोडक्यात : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका भगिनीने लिहिलं आहे. त्या आणि त्यांचे थोरले भाऊ २०१२ पासून मेडिकल दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून विकतात. कोड बहिणीचा, विक्री दादांची. आज ३१० दुकानं त्यावर चालतात. किंमत १२,००० रुपये, एकदाच. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, कधी घेतलीच नाही. २०१९ पर्यंत पत्रकावर ‘एकदाच खर्च, लाइफटाइम अपडेट फ्री’ असं छापलं होतं आणि साधारण निम्म्या दुकानांनी ते वाचूनच खरेदी केली. नंतरच्या पत्रकावर फक्त ‘लाइफटाइम लायसन्स’ राहिलं. २०१७ चा जीएसटी असो की सप्टेंबर २०२५ चे नवे दर, सगळं फुकट करून दिलं. आता दोन वर्षं खपून नवं व्हर्जन तयार आहे. त्यात मोबाइलवर हिशेब दिसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर बिल जातं, क्लाउडवर बॅकअप होतो. गेल्या वर्षी नवी गिऱ्हाइकं मिळाली जेमतेम २२. भगिनींना वाटतं, सगळ्यांकडून अपग्रेडचे ६,००० घ्यावेत. दादा म्हणतात, पैसे मागितले की गिऱ्हाईक तुटेल. त्यापेक्षा ‘जुनं व्हर्जन विंडोज ११ वर चालत नाही’ असं सांगून नवं द्यावं. ‘फुकटची सवय आम्हीच लावली, आता भोगतोय,’ असं त्या लिहितात. आणि ज्या दुकानदारांनी पहिल्यांदा विश्वास टाकून स्वतःचा कॉम्प्युटर वापरायला दिला, त्यांच्याकडून पैसे कसे घ्यायचे, हेही विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रात सॉफ्टवेअरपेक्षा फोनच जास्त वाजतोय, हे तुमच्या लक्षात आलंय का? २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, काही जीवरक्षक औषधांवरचा तर पूर्ण गेला. आदल्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येच्या रविवारी, तुम्ही दरांचा बदल दुपारच्या जेवणाआधी उरकलात असं लिहिलंय. मग घटस्थापनेच्या सकाळपासून पुढचे चार दिवस कशात गेले? ‘स्ट्रिपवर ११२ छापलंय, आता १०५ लावायचे का?’ ‘जुना माल स्टॉकिस्ट परत घेणार का?’ ‘गिऱ्हाईक काउंटरवर भांडतंय, बिलावर काय दाखवू?’ यातला एकही प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही. एमआरपी करासकट असते, कर उतरला की तीही उतरते, पाकिटावर जुना आकडा असला तरी बिल नव्या दराने करायचं, हे दुकानदाराला सांगणं खरं तर कंपनीचं आणि स्टॉकिस्टचं काम. सांगितलंत तुम्ही. रात्री साडेदहालाही सांगितलंत.

म्हणून ‘अपग्रेडचे पैसे घ्यावेत का’ हा प्रश्न मला थोडा बाजूला सरकलेला वाटतो. कोड तुम्ही एकदा लिहिता आणि तो ३१० दुकानांत पोचतो. फोन मात्र ३१० वेळा उचलावा लागतो. तुमचा जीव अपग्रेडने काढलेला नाही, सपोर्टने काढलाय. आणि पैसे मागायला तुम्ही निघालात ते अपग्रेडचे!

समजा, निम्म्यांनी ६,००० दिले. नऊ लाखांच्या वर रक्कम हाती येईल, हायसं वाटेल. पण तिसऱ्या वर्षी तुम्ही पुन्हा याच जागी असाल, कारण फोन तेवढेच येणार आणि त्यांचे पैसे कुणीच देत नसणार. मग आणखी एक ‘नवं व्हर्जन’ काढावं लागेल, गरज असो वा नसो. मोठ्या अपग्रेडवर पोट भरणाऱ्या कंपन्यांची एक खोड असते : दिसणाऱ्या गोष्टी आधी आणि दुरुस्त्या नंतर. एक्सपायरीचा रिपोर्ट चुकतोय, तो पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. रंगीत डॅशबोर्ड मात्र आधी हवा, कारण तो विकला जातो. तुमचा स्वभाव तसा नाही हे पत्रावरून कळतं, पण पैशाची वाट तिकडून आली की माणूसही हळूहळू तिकडेच वळतो.

आता जमाखर्च बघा. गेल्या वर्षी २२ नवी दुकानं, म्हणजे २,६४,००० रुपये. एवढ्यात ३१० दुकानांची उठाठेव, तुमचा वेळ, दादांचं पेट्रोल, रिमोटवर (दुकानाचा कॉम्प्युटर लांबूनच जोडून) दुरुस्तीला बसणारा मुलगा. नव्याच्या पैशातून जुन्याचं भागवायचं ही साखळी योजनेची रीत झाली. तालुक्यातली दुकानं संपली की ती बसते, आणि ती बसायला लागलीय म्हणूनच तुम्ही मला लिहिलंत. तुमचं गणित २०१२ लाच असं होतं, फक्त तेव्हा गिऱ्हाइकं वाढत होती म्हणून दिसलं नाही.

दुसरं, ‘फुकटची सवय’. माझा याच्यावर विश्वास नाही. हाच दुकानदार प्रिंटरची कार्ट्रिज भरायला आलेल्या पोराला कुरकुर न करता पैसे देतो, फ्रिजचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट करतो, लायसन्सच्या कामाला एजंटला पैसे मोजतो. तुम्हाला देत नाही कारण तुम्ही कधी बिलच दिलं नाही. नाही म्हणण्याची संधीसुद्धा त्याला मिळालेली नाही, मग त्याला फुकट्या कसं म्हणायचं?

आणि दादांची भीती? गिऱ्हाईक तुटायचं म्हणजे काय होतं ते काउंटरवर उभं राहून बघा. मालक औषधाच्या नावाची पहिली तीन अक्षरं मारतो, एंटर, बॅच निवडतो, पुन्हा एंटर, नजर गिऱ्हाइकावरच. बोटांना तुमचा स्क्रीन पाठ झालाय. कित्येक हजार आयटमचं मास्टर म्हणजे मूळ यादी, प्रत्येकाचा रॅक नंबर, गावातल्या उधाऱ्या, हे सगळं उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे दोन महिन्यांची कटकट. वर्षाला दीड-दोन हजारांसाठी ती कुणी अंगावर घेत नाही. अपमान झाला तर मात्र घेतो.

अपमान रकमेच्या मापात नसतो. २००७ च्या जानेवारीत अ‍ॅपलने आधीच विकलेल्या काही मॅक कॉम्प्युटरांमधलं वेगवान वाय-फाय चालू करून देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला १.९९ डॉलर लावले. हिशेबाच्या नियमांमुळे फुकट देता येत नाही, असं कारण दिलं होतं. दोन डॉलर म्हणजे तिकडे कॉफीचे पैसे, पण लोक चिडले : यंत्र आमचं, आतला भाग आमचा, त्याचं कुलूप उघडायचे पैसे कसले? पुढे याच अ‍ॅपलने २०१३ पासून मॅकची नवी ऑपरेटिंग सिस्टिम फुकट द्यायला सुरुवात केली, कारण त्यांची कमाई यंत्रात आहे. तुम्ही यंत्र विकत नाही, तेव्हा त्यांची उदारता बघून स्वतःला कमी लेखू नका. मात्र जे आपलंच आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं त्याला किंमत लावताना जपा.

इथेच विंडोज ११ च्या युक्तीचं बोलतो. ती करू नका. तुमचं जुनं सॉफ्टवेअर व्हीबी ६ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि त्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूळ फाइल्स मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ मध्येही देते. म्हणजे ‘चालत नाही’ हे सरसकट खरं नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं आहे. पण त्याचा तुमच्या बिलिंगशी संबंध नाही. एखाद्या दुकानदाराचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा दिवाळीला घरी येऊन जुनं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालवून दाखवेल आणि केमिस्टांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकेल. मग ३१० दुकानांना तोंड कसं दाखवणार?

खरं कारण तुमच्याकडे आहे की. तुमचा डेटा अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या फाइलमध्ये आहे आणि ती फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. मोठ्या दुकानांची फाइल तिथवर येऊन अडकते, करप्ट होते आणि तुम्ही रात्री रिमोटवर बसून ती दुरुस्त करता, हे तुमच्याच पत्रात आहे. नव्या व्हर्जनचा डेटाबेस वेगळा आहे, तो अडकत नाही. दुकानदाराला त्याच्याच फाइलचा आकडा दाखवा. मात्र यातही एक पथ्य आहे. अ‍ॅक्सेस निवडलं तुम्ही, त्याने नाही. त्यामुळे जुन्यावरच राहणाऱ्याला वर्षवार डेटा वेगळा करणारी छोटी सोय फुकट द्या. आपल्या निर्णयाने अडलेलं गिऱ्हाईक सोडवण्याचे पैसे घेणं बरं दिसत नाही.

आता पत्रकाचं, कारण खरी अडचण तीच आहे. ‘लाइफटाइम अपडेट फ्री’ वाचून ज्यांनी पैसे मोजले त्यांना तुम्ही शब्द दिलाय. ‘लाइफटाइम म्हणजे सॉफ्टवेअरचं लाइफ’ असली पळवाट बरेच जण काढतात. तुम्ही काढू नका. कायद्याच्या अंगानेही ती फार टिकाऊ नाही. व्यापारासाठी वस्तू घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक धरला जात नाही खरा, पण स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेणारा धरला जाऊ शकतो, आणि दिशाभूल करणारी जाहिरातही त्या कायद्यात येते. बदल करण्याआधी ते जुनं पत्रक वकिलाला दाखवाच.

पण शब्द नेमका काय दिला होता, तेही बघा. अपडेट फुकट. फोन फुकट असं कुठेही छापलेलं नाही. दुकानात येऊन बसणं फुकट असं नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि क्लाउड तर तेव्हा तुमच्या डोक्यातही नव्हते. म्हणून या निम्म्या दुकानांना जुन्या व्हर्जनवर कराचे आणि कायद्याचे बदल फुकट मिळत राहतील, ते व्हर्जन वापरतील तोवर. हे लेखी द्या. तुम्हाला ते वाटतं तेवढं महाग पडणार नाही. कराचा दर कोडमध्ये न ठेवता तो मास्टरमध्ये ‘अमुक तारखेपासून’ असा भरता येईल अशी सोय करून टाका. पुढच्या वेळी दर बदलला की दुकानदार तो स्वतः भरेल. जी गोष्ट दुकानदार स्वतः करू शकतो तिला अपडेट लागत नाही, आणि अपडेट लागत नाही तिथे पैशाचा वादही नाही. (दर कोडमध्येच लिहून ठेवायचे आणि दर बदलाला हात पसरायचे, असेही महाभाग या धंद्यात आहेत.)

मग पैसे कशाचे घ्यायचे? मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं.

सॉफ्टवेअरची चूक असेल तर दुरुस्ती फुकट, कुणाचीही, कधीही, एएमसी असो वा नसो. बेरीज चुकली तर ती तुमची चूक, तिचे पैसे मागू नयेत. फोन, रिमोट आणि नव्या व्हर्जनमधले कायद्याचे बदल यांना वर्षाची एएमसी. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास घेतात. तुम्ही १५ टक्के घ्या, म्हणजे १,८०० रुपये. २०० दुकानं आली तरी ३,६०,००० होतात, दरवर्षी, नवं गिऱ्हाईक मिळो न मिळो. यात फोन उचलायला एक मुलगा ठेवता येईल आणि तुमची रात्र तुम्हाला परत मिळेल.

नवं व्हर्जन ऐच्छिक ठेवा. हवं त्याने घ्यावं. ६,००० जास्त नाहीत, पण त्यात पहिल्या वर्षाची एएमसी धरा, म्हणजे एकाच वेळी दोन बिलं हातात पडणार नाहीत. मागच्या बारा महिन्यांत ज्यांनी जुनं घेतलं त्या २२ दुकानांना नवं फुकट द्या, काही न विचारता. सहा महिन्यांपूर्वी १२,००० मोजलेल्या माणसाकडे पुन्हा हात पसरलात तर तो आयुष्यभर बोलेल, आणि बरोबरच बोलेल.

व्हॉट्सअ‍ॅप आणि क्लाउड यांचा खर्च तुम्हाला सतत येत राहणार आहे. व्यवसायाच्या अधिकृत मार्गाने व्हॉट्सअ‍ॅपवर बिलं पाठवली तर त्याची मालक कंपनी मेटा दर संदेशामागे पैसे लावते, क्लाउडचं भाडं दर महिन्याला. जो खर्च संपत नाही त्याची किंमत एकरकमी घेऊ नका. ही दोन्ही वेगळी, वर्षाच्या दराने ठेवा. दिवसाला चाळीस बिलं करणाऱ्या दुकानाने चारशे बिलांच्या दुकानाचा खर्च का उचलावा?

आणि ज्याने एएमसी भरली नाही त्याचं बिलिंग कधीही बंद पाडू नका. डोंगलची (कॉम्प्युटरला लावायच्या लायसन्सच्या किल्लीची) मुदत संपली, सोमवारी सकाळी दुकान उघडलं आणि स्क्रीनवर लाल चौकट, पलीकडे दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन आलेला पेशंट. हे करायचं नाही. त्याच्याकडे आज जे आहे ते चालू राहील, फक्त नवं मिळणार नाही आणि फोनला ३०० रुपये पडतील. डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढायची सोय सगळ्यांना राहील, सोडून जाणाऱ्यालाही.

हे केवळ चांगुलपणातून सांगत नाही. २०१५ च्या सप्टेंबरात जेटब्रेन्स या प्रोग्रॅमरांची अवजारं बनवणाऱ्या कंपनीने ‘आता फक्त वर्गणी’ जाहीर केलं, तेव्हा वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईकच अंगावर आले. वर्गणीला त्यांचा तेवढा विरोध नव्हता. पैसे थांबले की हातातलं अवजार जाणार, याचा राग होता. कंपनीने काही दिवसांतच बदल केला : सलग वर्षभर भरलंत तर त्या वर्षाच्या सुरुवातीचं व्हर्जन कायमचं तुमचं. वर्गणी राहिली, राग बराचसा निवळला. नोट्स घ्यायच्या नोटॅबिलिटी या अ‍ॅपने नोव्हेंबर २०२१ मध्ये उलटं केलं. ज्यांनी ते आधी विकत घेतलं होतं त्यांच्या सोयी वर्षभरानंतर वर्गणीमागे जाणार असं सांगितलं, आणि ओरड झाल्यावर लगेच निर्णय फिरवावा लागला. दोन्हीकडे मुद्दा एकच होता, आधीच विकत घेतलेल्या गोष्टीला हात लावण्याचा.

कधी सांगायचं? जानेवारीत सांगा, एप्रिलपासून लावा. मार्चमध्ये दुकानदार सीएच्या मागे धावत असतो, दिवाळीत त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. यूपीआय ऑटोपेचा विचार तुम्ही केलाय. चालेल, पण तालुक्याच्या गावात दादांनी जाऊन, चहा घेऊन, पावती फाडणं जास्त चालेल. चिठ्ठी मात्र सगळ्यांना एकच द्या, तोंडी प्रत्येकाला वेगळं सांगू नका. काहीशी अशी (मोफत अपडेटची वाक्यं फक्त ज्यांना ते छापून दिलं होतं त्यांच्यासाठी) :

‘आपण २०१६ साली आमचं सॉफ्टवेअर घेतलंत. त्या वेळी अपडेट कायम मोफत राहतील असं आम्ही लिहून दिलं होतं. आपल्या सध्याच्या व्हर्जनसाठी ते तसंच राहील. १ एप्रिलपासून फोन आणि रिमोटवरच्या मदतीसाठी वर्षाला १,८०० रुपये घेणार आहोत. न घेतल्यास बिलिंग पूर्वीसारखंच चालेल. मदत लागली तर एका वेळेस ३०० रुपये. नवं व्हर्जन दुकानात येऊन दाखवू, आवडलं तर घ्या.’

यात ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने’ वगैरे काही घालू नका. नाइलाज नाहीच, तुम्ही काम करता म्हणून पैसे घेताय. तीनशे दहापैकी काही जण ‘आमच्याकडून घेऊ नका हो’ म्हणतील, दोन-चार जण खरंच सोडतील. बहुधा त्यांतले एक-दोन सगळ्यात जास्त फोन करणारेच निघतील.

पत्रासारखाच पेच असलेल्या इतर वाचकांसाठी एक सांगायला हवं. हा तोडगा कर, पगार, पतसंस्था, शाळेची फी अशा सॉफ्टवेअरला लागू पडतो, कारण तिथे बाहेरचं जग दरवर्षी बदलतं. लग्नाच्या अल्बमचं डिझाइन, फॉन्ट, रेकॉर्डिंग अशा कामांत पाच वर्षांपूर्वीचं व्हर्जन आजही तितकंच चालतं. तिथे सक्तीची वर्गणी मला लबाडी वाटते. नवं खरंच चांगलं असेल तर त्याची वेगळी किंमत लावा, जुनं चालू द्या. सब्लाइम टेक्स्ट या कोड लिहायच्या एडिटरने २०२१ मध्ये काढलेला मार्ग मला पटतो : लायसन्स घेतल्यापासून तीन वर्षांची अपडेट, नंतर हातात असलेलं व्हर्जन कायमचं तुमचं, पुढचं हवं असेल तर पुन्हा पैसे. आणि जे आज पहिलं पत्रक छापणार आहेत त्यांनी ‘लाइफटाइम’ हा शब्दच टाळावा. ‘एक वर्षाची अपडेट आणि सपोर्ट किमतीत’ असं छापायला जागाही फार लागत नाही.

दादांशी बोलताना गिऱ्हाइकाच्या लोभीपणावरून वाद घालू नका, तो मिटायचा नाही. महिनाभर फोनची वही ठेवा. कुणाचा आला, किती मिनिटं, चूक आपली होती की प्रश्न त्याचा. दादा विक्रीतले आहेत, आकडा बघितला की त्यांनाच दर सुचेल, कदाचित १,८०० पेक्षा जास्तच.

राहिले तुमचे पहिले दुकानदार. त्यांच्याकडून पैसे घेऊ नका, पण बिल द्या. ‘वार्षिक देखभाल १,८००, सवलत १,८००, देय रक्कम शून्य’ असं छापील, सही-शिक्क्यासकट, दरवर्षी एप्रिलमध्ये. एखाद्या वर्षी त्यांनी आपणहून पैसे पुढे केले तर नको-नको करत बसू नका, घ्या आणि पावती द्या.